कुस्तीखालचं गुऱ्हाळ

दिवाळी सरली की उचगावच्या आसपास बसच्या खिडकीतून एक वास आत शिरतो. जळत्या चिपाडाचा धूर, उकळता उसाचा रस आणि त्यात कुठंतरी किंचित करपलेपणा. मोबाईलमध्ये बुडालेल्या माना तेवढ्यापुरत्या वर होतात आणि कुणीतरी ठरल्यासारखं बोलतंच, "पेटली बगा गुऱ्हाळं." पूर्वी या बाजूला जिकडं पाहावं तिकडं गुऱ्हाळाचा धूर दिसायचा. आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, ऊस सगळा कारखान्याला जातो. वास मात्र कमी झाला नाही. की माझंच नाक त्यात पदरची भर घालतं, कोण जाणे.

यंदा तो वास आला तेव्हा मी उचगावहून, आईआप्पांच्या घरून, राजारामपुरीतल्या माझ्या घरी परतत होते आणि मांडीवर कॅसेटींची पिशवी होती. जुन्या, जाडजूड, व्हीसीआरमध्ये घालायच्या कॅसेटी. आठवडाभर आधी आप्पांचा फोन आला होता.

"वैशे, तुझ्या कंप्युटरवर जुन्या कॅशेटी उतरतात म्हणं?"

"उतरतात की. त्याची सीडी करता येते."

"मग येऊन घेऊन जा. आईला म्हण, लग्नाच्या हायत तेवढ्या नेतो."

आईनं ट्रंकेतून सहा काढून दिल्या. सातवी आप्पांनी बसथांब्यावर दिली. मला सोडायला म्हणून आले, इकडंतिकडं बघितलं आणि स्वेटरच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. साठी कधीच ओलांडलेला माणूस, पण चेहरा परीक्षेत चिठ्ठी पुढं सरकवणाऱ्या पोरासारखा.

"ह्याच्यात कुस्ती हाय," ते हळूच म्हणाले.

"म्हाईत हाय आप्पा. अख्ख्या पावण्यापैत म्हाईत हाय."

"तसं न्हवं गं. कुस्तीच्या खाली गुऱ्हाळ हाय. ते निघतंय काय बघ."

ही कुस्ती काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण आमच्या घरात तिच्यावाचून भाषाच पुरी होत नाही. दूध उतू गेलं की आई म्हणते, "झाली दुधाची कुस्ती." साडीवर तेल सांडलं, साडीची कुस्ती. माझी बारावीला गणिताची कुस्ती झाली होती. हातचं होतं ते आपल्याच माणसाच्या हातून वाया जाणं, असा त्याचा अर्थ. मी कॉलेजात मराठी शिकवते. एकदा वर्गात बोलण्याच्या भरात "तुम्ही या कवितेची कुस्ती केलीत" असं म्हणून गेले आणि साठ पोरं टकामका बघत राहिली.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. आईचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आजीला आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो, कारण आई तिला अव्वा म्हणायची. माझा मामा गडहिंग्लजात एका फोटो स्टुडिओत कामाला होता. त्या हिवाळ्यात त्यानं हात बसावा म्हणून स्टुडिओचा शूटिंगचा कॅमेरा एका रविवारी गावच्या गुऱ्हाळावर आणला. मी आठ वर्षांची होते, आईबरोबर आजोळी गेलेले. तो कॅमेरा त्यानं खांद्यावर घेतला आणि गावातली निम्मी माणसं अंगातला सदरा बदलायला घरी पळाली.

तो हंगाम मला वासानं आणि हातानं आठवतो. गुऱ्हाळावर सगळं चिकट असतं. चिकट हात, चिकट केस, बसायच्या पोत्यालासुद्धा चिकट हात पुसलेले. मोठ्या काइलीत रस रटरटत असायचा आणि वर आलेली काळपट मळी गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं बाजूला ओढायचा. गुळव्या म्हणजे तिथला राजा. पाक झाला की नाही हे तो पाण्यात थेंब सोडून दोन बोटांत धरून बघायचा आणि तोवर मालकानंही तोंड उघडायचं नाही. मग हुकूम सुटायचा, सगळे धावायचे आणि काईल उतरायची. आम्हा पोरांना उसाच्या कांडक्याला गुंडाळलेला गरम गूळ मिळायचा. तोंड पोळायचं, तरी थांबवत नसे. त्या भाजलेल्या जिभेवर नंतर दोन दिवस कशाचीच चव लागायची नाही, आणि त्याचं कुणालाच दुःख नसायचं.

त्या दिवशी मामानं सकाळपासून कॅमेरा चालवला आणि ती कॅसेट आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला देऊन टाकली. आमच्याकडं तेव्हा नुकताच जुना व्हीसीआर आला होता. आईनं ती कॅसेट किती वेळा लावली असेल याला गणती नाही. भाकरी थापताना लावायची, नुसती ऐकायची. माहेर एवढं हाताशी आलेलं तिनं पहिल्यांदाच अनुभवलं असावं.

आणि पुढच्या हिवाळ्यात आप्पांनी त्या कॅसेटवर कुस्ती घेतली.

आप्पा तेव्हा फौंड्रीत ओतकाम करायचे आणि कुस्ती म्हटली की त्यांना भूक लागत नसे. कोल्हापुरात एक मोठं मैदान ठरलं. आप्पांनी तिकीट काढलं होतं, पण त्यांना ती कुस्ती घरीही हवी होती, पुन्हापुन्हा बघायला. केबलवर मैदान दाखवणार होते. कोरी कॅसेट मिळाली नाही. त्यांनी हाताला आली ती व्हीसीआरमध्ये सारली, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि मैदानात गेले. बरं, चुकून नाही. कॅसेट कोणती ते त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी आईनं जाब विचारला तेव्हा ते अगदी सरळपणानं जे बोलले ते आजवर गाजतंय.

"अगं, गुऱ्हाळ काय, दरवर्षी पेटतंय. ही कुस्ती परत व्हायची न्हाय!"

माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. आईनं शेजारच्या काकूंना माहेर दाखवायला म्हणून कॅसेट पूर्ण मागं फिरवून लावली होती, तर लंगोट लावलेले दोन पैलवान. तिनं पुढं पळवली, तरी पैलवान. आणखी पळवली, तरी पैलवानच. तिनं कॅसेट उपसली आणि ट्रंकेत तळाला टाकली. अव्वा तेव्हा जिवंत होती, म्हणून आई नुसती चिडली. चार महिन्यांनी अव्वा गेली आणि चिडणं संपून दुसरंच काहीतरी सुरू झालं. त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. आई रडली नाही, भांडली नाही. फक्त 'कुस्ती' हा शब्द घरात राहायला आला.

अव्वाचा एकच फोटो आमच्याकडं आहे. मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात ती अव्वा कमी आणि कुणाला तरी घाबरलेली दुसरीच बाई जास्त दिसते.

तर आप्पांचा समज असा की जुनं चित्र गेलेलं नाही, ते नव्याच्या खाली आहे. ओतकाम करणारा माणूस. साच्याची वाळू झाडली की आतून वस्तू निघते हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. मग कंप्युटरला एवढी वाळू झाडता येऊ नये? फितीवर नवीन उमटतं तेव्हा जुनं पुसलंच जातं, खाली काही उरत नाही, हे मी त्यांना त्या बसथांब्यावर सांगायला हवं होतं. त्यांच्या तोंडाकडं बघून मला ते जमलं नाही. "बघतो," मी म्हणाले. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. वर्गात मी 'आले, गेले' असते, उचगावात पाय ठेवला की 'आलो गं' होतं.

कॅसेटी उतरवणं हे काम मला वाटलं त्यापेक्षा फार वेगळं निघालं. जुना व्हीसीआर दुरुस्त करून घेतला. त्याच्या पाठीतून लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी निघून एका इवल्या डबीत जातात आणि डबीतून कंप्युटरमध्ये. एवढं झालं की माणसाला कामच नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. घाई चालत नाही, पुढं पळवता येत नाही. कॅसेट मूळ वेगानं वाजत राहते आणि आपण राखण करत बसायचं. एका बोटानं जग पुढं सरकवायची सवय लागलेल्या मला पहिल्या दिवशी हे शिक्षा वाटलं. तिसऱ्या दिवशी आवडायला लागलं.

कारण आप्पा होते. ते रोज सकाळी उचगावहून बसनं यायचे आणि माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसायचे. आईला सांगितलं होतं, डोळ्याच्या डॉक्टरकडं चाललोय. पाच दिवस रोज डोळ्याचा डॉक्टर! लग्नाच्या कॅसेटीत नवरीचं तोंड गुलाबात उमलायचं, नवरदेव बदामातून बाहेर यायचा. आप्पा एकेक माणूस ओळखायचे. "हा गेला. ही बी गेली. हा हाय, पण ऐकाय येत न्हाय." वडिलांशेजारी इतके तास नुसतं बसायची वेळ माझ्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. त्यांच्या हातावर ओतकामाचे जुने डाग आहेत, डाव्या हातावर पाच. हे मला या वयात कळलं.

सातवी कॅसेट पाचव्या दिवशी लावली. फितीवर पांढरी बुरशी होती. दुरुस्तीवाल्यानं बजावलं होतं, "एकदा चालंल ताई. दुसऱ्यांदाची खात्री न्हाई." मी जपून आत सारली. पडदा थरथरला आणि हलगी कडाडली.

आप्पा सुरुवातीला अपराध्यासारखे बसले होते. दहाव्या मिनिटाला खुर्चीच्या कडेला आले. विसाव्या मिनिटाला, "धर, धर, अरे पट काढ की!" मी हसू दाबलं. तीस वर्षं त्यांनीही ही कुस्ती पाहिली नव्हती. ज्या कॅसेटपायी एवढं ऐकून घेतलं, तिच्यातलं त्यांच्या वाट्यालाही काही आलं नव्हतं. मधेच ते भानावर यायचे आणि विचारायचे, "खालचं कधी निघतंय?" मी म्हणायचे, "बघूया." ही कॅसेट संपली की या माणसाला सांगावं लागणार होतं, की तुमच्या बायकोची आई कायमची गेली आणि ती तुमच्याच बोटानं.

पावणेदोन तासांनी मोठी कुस्ती आली. दोघं मल्ल आखाड्यात उतरले, माती लावली, हाताला हात भिडला आणि चित्र गपकन गेलं.

"लाईट गेली असणार तवा," आप्पा हळहळले. "मुख्य कुस्तीच न्हाय गावली की गं!"

पडद्यावर पांढऱ्या रेघा पळत होत्या. मी थांबवायला माऊसवर हात नेला. तेवढ्यात रेघांतून धूर निघाला. तांबूस, जाड धूर. आणि धुरामागं काईल.

"थांब," आप्पा म्हणाले.

मैदान चालू असताना उचगावात लाईट गेली होती. रेकॉर्डिंग तिथंच तुटलं. त्याच्यापुढची फीत जशी होती तशीच होती. आईनं पुढं पळवली होती, पण एवढ्या लांब गेलीच नाही. अकरा मिनिटं. मामाचा कॅमेरा वेडावाकडा हलतोय. काकवीनं माखलेल्या फ्रॉकातली एक शेंबडी पोर, म्हणजे मी. बत्तीसएक वर्षांची आई, दंडावर चोळी तटतटलेली, कॅमेऱ्याकडं बघून खुदुखुदु हसणारी. मला माझी आई अशी कधी दिसलीच नव्हती. आणि मागून इरकल लुगड्यातली, हातात भाकरीची चवड घेतलेली अव्वा.

ती कॅमेऱ्यापुढं आली, दचकली आणि पदर तोंडावर ओढून म्हणाली, "माझं काय काढतोस रं? त्या पोरीचं काढ. ती उद्या सासरी जाती." मग पदर बाजूला झाला. ओळखपत्रावरची घाबरलेली बाई नव्हे, आमची अव्वा. सगळ्यांच्या पानात भाकरी टाकत, ज्याला त्याला विचारत ती फिरत होती. सगळी जेवल्याशिवाय ती कधी बसत नसे. शेवटी आईच्या मागं येऊन तिनं हाक मारली, "सुमे, ऊटा आतेन?" कानडीत, जेवण झालं काय? आई कॅमेऱ्याकडं बघून हसण्यात गुंग. अव्वानं पुन्हा विचारलं, आता मराठीत. "सुमे, जेवलीस काय गं?" आणि कॅसेट संपली.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. ती गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडं वळले आणि डोळे पुसत विजयी मुद्रेनं म्हणाले, "निघालं का न्हाय? म्हनलं न्हवतं तुला, खाली असणार म्हणून!"

चुका दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्या दिवशी मी सुट्टी घेतली. "व्हय आप्पा," मी म्हणाले, "खालीच होतं."

मग त्यांनी मला एकच विनवणी केली. कुस्ती कापून टाक. तिला तेवढं गुऱ्हाळच दिसू दे. मी कापली. अकरा मिनिटांची सीडी केली आणि रविवारी उचगावला गेले. मी टीव्हीपुढं आईला बसवलं. आप्पा बाहेर अंगणात सायकल पुसायला गेले. ती सायकल त्यांनी चार वर्षांत चालवलेली नाही.

आईनं सगळं पाहिलं. अव्वाचा आवाज आला तेव्हा तिचा हात नुसता आपल्या गळ्याशी गेला. चित्र संपल्यावर वाटलं, रडेल. ती रडली नाही. तिचं तोंड मार खाल्लेल्या पोरीसारखं झालं.

"मी बघितलंच न्हाय तिच्याकडं," ती म्हणाली. "दोनदा इचारलं गं तिनं. आणि मी नुसतं हसालोय."

मला वाटलं होतं मी तिला आई परत देतेय. मी तिला एक नवीन सल दिला होता. मी म्हणाले, "तुला ऐकू गेलं नसेल आई. काइलीचा आवाज असतोय." मग डोळे पडद्यावरच ठेवून तिनं विचारलं, "आणि कुस्ती कुठाय?"

"कापली. आप्पांनीच सांगितलं, तुला नको दिसाय म्हणून. लाईट गेलती, म्हणून तेवढं वाचलं होतं."

आई उठून दारात गेली. अंगणातला सायकलीवरचा हात थांबला. मला वाटलं, आता तीस वर्षांचं सगळं बाहेर येणार.

"कशाला कापाय लावलासा?" ती म्हणाली. "तुमच्या कुस्तीच्या मागंच ऱ्हायलती न्हवं ती एवढी वर्सं? नसती कुस्ती, तर मी रोज लावून लावून कॅशेट झिजवून टाकली असती. वैशे, सगळं जोडून आण."

आप्पा सायकलीमागून म्हणाले, "मोठी कुस्ती न्हाईच त्यात. लाईट गेली."

"बरं झालं गेली," आई म्हणाली. आणि दोघंही हसली. तीस वर्षांत त्या शब्दावर मी आप्पांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढच्या रविवारी सगळं जोडून नेलं. हंगाम ऐन भरात होता, घरात गुऱ्हाळावरून आलेली गुळाची ताजी ढेप होती. जेवणं आटोपून आम्ही तिघं टीव्हीपुढं बसलो. आईनं पावणेदोन तास कुस्ती पाहिली. पाहिली म्हणजे, मधे दोनदा शेंगा फोडायला घेतल्या, एकदा डुलकी काढली, पण उठली नाही. "तो तांबड्या लंगोटाचा बरा हाय," असंही एकदा म्हणाली. आप्पांनी तिला ढाक म्हणजे काय, धोबीपछाड कसा असतो ते समजावून सांगितलं. तिला ते काडीचं कळलं नसावं, पण ती मान हलवत होती.

चित्र गेलं. रेघा आल्या. मी आईकडं बघायचं टाळत होते. तिच्यासमोर पुन्हा ती हसणारी, पाठ फिरवलेली सुमन येणार होती आणि या वेळी तिचं काय होईल याची मला धास्ती होती. आई सावरून बसली. शेंगांची टरफलं ओट्यातून खाली झटकली, पदर नीट केला. घरी कुणी मोठं माणूस येणार असलं की ती करते तसं.

अव्वा भाकरी घेऊन आली. लाजली. सगळ्यांना विचारत फिरली आणि आईच्या मागं येऊन उभी राहिली.

"सुमे, ऊटा आतेन?"

"आतु अव्वा," आई म्हणाली. म्हणजे, झालं अव्वा. अव्वा गेल्यापासून तिच्या तोंडून कानडीचा एक शब्द मी ऐकला नव्हता.

"सुमे, जेवलीस काय गं?"

"जेवलो गं. ह्ये बी जेवले, लेक बी जेवली." पडदा काळा झाला होता, तरी आई त्याच्याकडं बघूनच बोलत होती. "तू बस आता जेवाय."